पडून पाहिलेले उतार : औलीपासून उकाइमदनपर्यंत

स्कीइंगच्या जागांची परीक्षणे बहुधा वर नेणाऱ्या लिफ्ट किती आणि खाली येणारे उतार किती किलोमीटरचे, एवढ्या दोनच मापांनी लिहिली जातात. मी राहते ठाण्यात, नौपाड्यात, जिथे जानेवारीच्या पहाटे शाल घ्यावी लागली तरी दिवसभर त्याचीच चर्चा चालते. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी हा खेळ शिकायला घेतला, तेव्हा ही दोन्ही मापे आपल्या काही कामाची नाहीत हे पहिल्या तासाभरातच उमगले, कारण नवशिका माणूस दिवसाचा बराचसा वेळ पडलेलाच असतो. तेव्हापासून कोणताही उतार मी एकाच प्रश्नाने पारखते : पडल्यानंतर तिथे काय होते? आतापर्यंत मी पाच ठिकाणी पडून आले आहे. त्यांत स्वित्झर्लंड नाही, ऑस्ट्रिया नाही, एवढेच नव्हे तर गुलमर्गही नाही. ज्या जागांची नावे ऐकून शेजारीपाजारी ‘तिथे कुठे बर्फ असतो?’ असे विचारतात, त्याच जागांचे हे परीक्षण आहे.

सुरुवात दुबईत झाली आणि ती ठरवून झालेली नव्हती. मे महिन्यात नणंदेकडे गेलो असताना मुलीच्या हट्टापायी आम्ही मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या ‘स्की दुबई’त शिरलो. २००५ साली सुरू झालेली ही बंदिस्त जागा सुमारे २२,५०० चौरस मीटरची असून तिच्यात पाच उतार आहेत आणि त्यांतला सर्वांत लांब ४०० मीटरचा आहे. बाहेर डांबर मऊ व्हावे असे ऊन असताना आतले तापमान शून्याच्या एक-दोन अंश खाली राखलेले असते. कोट, विजार, बूट, स्की असे सारे तिथेच मिळत असल्याने घरून काही न्यावे लागत नाही. आम्ही नवशिक्यांसाठीचा धडा घेतला. पडले की काही क्षणांत गणवेशातला एखादा तरुण येई, काखेत हात घालून उभे करी आणि पाठीवरचा बर्फही झटकून देई. समोरच्या काचेपलीकडे बसून जेवणाऱ्यांपैकी एका आजोबांनी माझ्या तिसऱ्या पतनाला टाळ्या वाजवल्या, तेही गोड मानून घेतले. पायांत स्की चढवण्याची भीती मोडण्यासाठी ही जागा उत्तम आहे. मात्र तिथे वारा नाही, ढग नाही, सकाळचा टणक आणि दुपारचा भुसभुशीत असा बर्फाचा पालट नाही, आणि स्वतःहून उठण्याची वेळ माझ्यावर तरी एकदाही आली नाही.

ती वेळ आली औलीला. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठाच्या डोक्यावर, साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर हा उतार पसरलेला आहे. गुलमर्गचा गोंडोला माणसाला ३,९८० मीटर उंचीपर्यंत नेऊन सोडतो आणि तिथल्या वरच्या टप्प्यावर मुरलेल्या स्कीपटूंचे राज्य असते, तसा कोणताही दबदबा औलीला नाही. एक मुख्य उतार, सुमारे ८०० मीटरची एक चेअरलिफ्ट, कडेने देवदार आणि समोर ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी, एवढाच तिचा ऐवज आहे. माझ्यासारखीला तो पुरून उरला. पोचणे मात्र सोपे नाही. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर आहे. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम मागे टाकत जाणारा हा रस्ता म्हणजे सकाळी सुरू झालेला माळशेज घाट संध्याकाळपर्यंत संपूच नये, असा अनुभव आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी वाटेत एक मुक्काम करावा.

आम्ही गेलो तो फेब्रुवारी २०२२ चा, आणि तेव्हा जोशीमठाहून वर जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे चालू होता. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठातली जमीन खचू लागली, शेकडो घरांना तडे गेले आणि रोपवेही बंद करावा लागला. त्यामुळे आता रस्त्यानेच वर जायचे असे धरून चालावे. ज्या वस्तीतल्या घरगुती खानावळीत आम्ही सलग चार दिवस राजमा-भात जेवलो होतो, तिथल्या भिंतींवर आखलेल्या लाल फुल्यांची छायाचित्रे पुढच्याच वर्षी वर्तमानपत्रात पाहायची वेळ आली. औलीची शिफारस करताना ती फुली डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून वाचकांना एवढेच सांगते की जाल तेव्हा गाडीभर पसारा आणि चैनीच्या अपेक्षा घेऊन जाऊ नका.

गढवाल मंडल विकास निगम औलीला सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेते, आणि राहणे, जेवण, साहित्य व शिकवणी असे सारे त्यांत एकत्र असते. मी सात दिवसांचा वर्ग केला. पहिले दोन दिवस लिफ्टचे नाव काढायचे नव्हते. स्की उताराला आडव्या धरून खेकड्यासारखे एकेक पाऊल वर चढायचे, पन्नास पावले झाली की वळायचे, दोन्ही स्कींची टोके जवळ आणि शेपट्या लांब अशी नांगराच्या फाळासारखी रचना करून हळूहळू खाली यायचे, आणि पुन्हा चढायचे. पडल्यानंतर काय होते, याचे औलीचे उत्तर असे की काहीच होत नाही. आमचे गढवाली प्रशिक्षक दहा पावलांवर हाताची घडी घालून उभे राहत आणि म्हणत, ‘उठो दीदी, अपने आप उठो.’ पहिल्या दिवशी त्यांचा राग आला. तिसऱ्या दिवशी त्यांची युक्ती हाताला बसली : आधी पाठीवर वळून गुंता सोडवायचा, दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणि उताराला काटकोनात आणायच्या, कडा बर्फात रुतवायच्या, आणि मग वरच्या बाजूला हात टेकून कुशीवरून उठायचे. स्कीची टोके उताराच्या दिशेने असताना उठू पाहणारा उभा राहतो खरा, पण उभा राहताक्षणीच निघूनही जातो.

सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्यांसाठी इथे एक इशारा द्यावासा वाटतो. घसाऱ्यावरून उतरताना आपण अंग मागे, डोंगराच्या बाजूला टाकतो आणि फारच झाले तर सरळ बसून घेतो. स्कीवर हीच सवय घात करते, कारण भार मागे गेला की स्कीची पुढची बाजू हलकी होते, ती वळेनाशी होते आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून, दरीकडे झुकून उभे राहायचे असते. येऊरच्या आणि माहुलीच्या वाटांनी शिकवलेले सारे विसरायला मला चार दिवस लागले, आणि कधीही डोंगर न चढलेली वर्गातली एक बंगळूरची मुलगी दुसऱ्या दिवशीच माझ्या पुढे निघून गेली. तसेच, पडताना स्की पायातून सुटली की ती पुन्हा घालण्याआधी बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ खरवडून काढावा लागतो. तो बोटभर जाडीचा गोळा राहिला तर टाच स्कीवरच्या खटक्यात बसतच नाही, आणि माणूस उगाच खटका बिघडला असे समजून त्याच्यावर लाथा मारत बसतो. मी वीस मिनिटे मारल्या.

औलीचा खरा दोष बर्फाचा आहे. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या, त्यासाठी कृत्रिम बर्फाची यंत्रे आली आणि त्यांना पाणी पुरवायला वरच्या अंगाला तळेही खोदले गेले. तरीही पुरेसा बर्फ न पडल्याने राष्ट्रीय स्पर्धा रद्द कराव्या लागल्याचे प्रसंग अलीकडे घडलेले आहेत. म्हणून जानेवारीचा अखेरचा आठवडा ते फेब्रुवारीचा शेवट एवढाच काळ निवडावा आणि निघण्याआधी स्थानिकांना दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. बर्फ कमी असला तरी गोरसों बुग्याल या डोंगरमाथ्यावरच्या कुरणापर्यंतची चाल हातची जात नाही, आणि ती चाल एकटीच प्रवासाचे पैसे वसूल करते.

औलीनंतर अंगात बळ आले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही जॉर्जियातल्या गुदौरीला गेलो. तिबिलिसीपासून उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर, रशियाच्या सीमेकडे जाणाऱ्या जुन्या लष्करी रस्त्यावर हे गाव २,२०० मीटरच्या आसपास वसलेले आहे आणि लिफ्ट माणसाला सुमारे ३,२८० मीटरपर्यंत नेतात. वाटेत अनानुरीचा किल्ला लागतो आणि पुढे सीमेच्या दिशेने खोळंबलेल्या मालमोटारींची रांग दिसू लागली की मुंब्रा बायपासची आठवण येऊन परदेशातही घरच्यासारखे वाटते. गुदौरीचे वैशिष्ट्य असे की तिचे बहुतेक उतार वृक्षरेषेच्या वर आहेत. आडवे येईल असे एकही झाड नाही आणि दोन्ही बाजूंना कात्रजच्या बोगद्यातली गर्दीही मावेल इतकी रुंदी, त्यामुळे पडणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. घसरत पन्नास मीटर खाली गेले तरी कशावर आपटण्याची भीती नसते, आणि मग शांतपणे बसून समोरच्या कॉकेशसकडे पाहत राहता येते. एवढी निवांत पडझड मी दुसरीकडे कुठेही अनुभवलेली नाही.

झाडे नसण्याची दुसरी बाजूही तिथेच कळते. ढग उतरला की वर पांढरे, खाली पांढरे आणि मध्ये आपण, अशी अवस्था होते. उतार कुठे सुरू होतो आणि आपण चालत आहोत की थांबलो आहोत हेदेखील समजत नाही. एकदा मी पूर्ण थांबलेली असताना तोल जाऊन पडले. वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात, म्हणून पाच दिवसांच्या सहलीत एक दिवस वाया जाईल असा हिशेब आधीच करावा. तो दिवस ज्वारी खिंडीच्या वाटेवरच्या, १९८३ साली सोव्हिएत काळात उभारलेल्या गोल स्मारकापाशी घालवावा. त्याच्या आतल्या भिंतीवरची रंगीत मोझेक चित्रे पाहण्यासारखी आहेत आणि त्याच्या सज्जातून खालची दरी दिसते. शाकाहारी माणसाची जेवणाची आबाळ होत नाही. लोबियो नावाची मातीच्या भांड्यातली उसळ आपल्या राजम्याची सख्खी बहीण आहे आणि चीज भरलेली खाचापुरी दोघांत एक पुरते. तिखट मात्र घरून न्यावे. माझ्या पिशवीतल्या लसणाच्या चटणीने चौदा जणांचे चार दिवस निभावले.

चौदा जण, कारण या सहलीला आम्ही ठाण्यातल्याच एका प्रवासी संस्थेबरोबर गेलो होतो आणि तक्रारीची जागाही तीच आहे. जाहिरातीत ‘प्रशिक्षणासह’ हा शब्द ठळक छापलेला होता. प्रत्यक्षात चौदा जणांमागे एक प्रशिक्षक आणि पहिल्या दिवशीचा दीड तास एवढेच ते प्रशिक्षण होते, आणि त्यातली चाळीस मिनिटे बूट चढवण्यात गेली. स्की-पास, म्हणजे लिफ्टने वर जाण्याचा परवाना, एकाच दिवसाचा होता, उरलेल्या दिवसांचा ज्याचा त्याने घ्यायचा होता, आणि हे तिबिलिसीच्या विमानतळावर सांगण्यात आले. सोबतचे व्यवस्थापक स्वभावाने भले होते, परंतु त्यांनी स्वतः कधी स्की पायात घातलेली नव्हती. शेवटी आम्ही चौघींनी मिळून एक स्थानिक शिक्षिका पदरच्या पैशाने ठरवली आणि तिच्या दोन दिवसांत जे शिकलो त्यावरच पुढचा सारा प्रवास तरला. कोणत्याही संस्थेला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एका शिक्षकामागे किती जण, किती दिवस, किती तास, आणि पास किती दिवसांचा, हे लेखी मागून घ्यावे. प्रवासविम्याचेही तसेच आहे. पुष्कळशा साध्या विम्यांतून स्कीइंग वगळलेले असते आणि ते जादा हप्ता भरून जोडून घ्यावे लागते.

बुटांबद्दल दोन शब्द इथेच सांगते, कारण त्या सहलीत बाराजणांचे पाय सुजले होते आणि त्याला दुकानदार जबाबदार नव्हता. थंडीच्या धास्तीने आपण दोन-दोन, तीन-तीन लोकरी मोजे चढवतो, मग बूट घट्ट होतो म्हणून एक माप मोठा मागतो, आणि मग पाय आत हलू लागल्यावर खटके जीव खाऊन आवळतो. त्याने रक्त अडते, बोटे आणखी गार पडतात आणि नडगी सोलून निघते. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्याखालपर्यंत येणारा असावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर ती जराशी मागे सरावीत, हे योग्य माप होय. असे मोजे ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या खेळसाहित्याच्या दुकानांतही मिळतात. जाकीट आणि विजार विकत घेण्याची गरज नाही, ती कुठेही भाड्याने मिळतात, पण मोजे आणि हातमोजे स्वतःचेच असावेत.

कोपेनहेगनचे कोपनहिल हे पाचांतले सर्वांत विचित्र ठिकाण आहे आणि त्याला अर्धा दिवस पुरतो. हा डोंगर नाहीच. शहराचा कचरा जाळून वीज आणि घरांना लागणारी ऊब निर्माण करणाऱ्या ८५ मीटर उंच कारखान्याचे हे छप्पर आहे, आणि वास्तुविशारद ब्यार्के इंगेल्स यांच्या संस्थेने ते उतरते बांधून २०१९ मध्ये त्यावर स्कीइंग सुरू करून दिले. बर्फाऐवजी हिरव्या प्लॅस्टिकच्या दाट कुंचल्यांची चटई आहे. पडल्यानंतर इथे काय होते, तर कोपर सोलते, म्हणून ऑगस्टमध्येही लांब बाह्यांचा सदरा घालूनच जावे. कुंचल्यांवर वळणे बर्फापेक्षा जड जाते आणि नवशिक्याने सर्वांत खालच्या टप्प्याच्या वर जाऊ नये. दिवा गावच्या कचऱ्याच्या डम्पिंगचा धूर वर्षानुवर्षे खिडक्यांतून घरात घेतलेल्या ठाणेकराला मात्र त्या छपरावर उभे राहून वास न येणे, हाच मुख्य अनुभव वाटतो. आमच्या यजमानांनी स्की भाड्याने घेतल्याच नाहीत. ते पूर्ण वेळ धुराड्याकडे पाहत उभे होते.

उरले मोरोक्कोतले उकाइमदन, आणि मला पुन्हा जाण्याची संधी मिळाली तर मी इथेच जाईन. माराकेशपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, उंच अ‍ॅटलास पर्वतात, २,६०० मीटरवर हे गाव आहे आणि इथली चेअरलिफ्ट सुमारे ३,२०० मीटरपर्यंत नेते. सकाळी माराकेशमध्ये संत्र्यांनी लगडलेल्या झाडांखाली न्याहारी करावी आणि दुपारी बर्फात उभे राहावे, एवढे ते जवळ आहे. आफ्रिकेत बर्फ पाहायला निघालो आहोत असे सांगितल्यावर आमच्या इमारतीतल्या काकांनी मला काळजीने माझी तब्येत विचारली होती. गावाच्या आसपासच्या खडकांवर प्रागैतिहासिक काळातली कोरीव चित्रे आहेत आणि जवळच एक वेधशाळाही आहे, पण रविवारी तिथे माणसांची जी जत्रा भरते तिच्यापुढे दोन्ही फिकी पडतात. स्की भाड्याने देणारे जमिनीवर सतरंजी पसरून आपला माल मांडतात. त्यांतले काही बूट माझ्या लग्नाच्या वेळचे असावेत. जोडीतल्या दोन्ही स्की एकाच लांबीच्या आहेत ना, खटका पायाच्या धक्क्याने सुटतो ना, हे स्वतः तपासून घ्यावे आणि भाव निम्म्यापासून सुरू करावा. वाशीच्या बाजारात भाजी घेताना लागतो तेवढाच धीर इथे पुरतो.

नवशिक्यांच्या उताराच्या पायथ्याशी गाढवे उभी असतात. लिफ्टची रांग नको असेल तर स्की गाढवाच्या पाठीवर आडव्या बांधतात, आपण वर बसतो आणि मालक पुढे चालत आपल्याला उतारावर नेऊन सोडतो. पडल्यानंतर काय होते, याचे उकाइमदनचे उत्तर मला सर्वांत आवडले. मी पहिल्या वळणावर पडले, काठ्या एकीकडे आणि टोपी दुसरीकडे गेली, आणि औलीच्या शिस्तीने कुशीवर वळून उठायच्या बेतात होते, तोच एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गाढव घेऊन माझ्याकडे आला. मदतीसाठी नव्हे. त्याने अत्यंत आदबीने एक हात छातीवर ठेवला, दुसरा वर डोंगराकडे केला आणि दोन बोटे दाखवून दुसऱ्या फेरीचा भाव सांगितला. मी बसल्या बसल्याच एक बोट दाखवले. सौदा दीडवर पटला आणि मग त्यानेच टोपी आणून दिली.

हे सारे बर्फ असेल तरच. तो इथे बेभरवशाचा आहे आणि साधारण जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर एवढाच काळ त्यातल्या त्यात खात्रीचा, म्हणून केवळ स्कीइंगसाठी मोरोक्को गाठू नये. माराकेशच्या आठवड्याभराच्या सहलीत एक मोकळा दिवस हाताशी ठेवावा आणि आदल्या संध्याकाळी हवामान विचारून घेऊन सकाळी सातला निघावे. शिक्षक असे कोणी नीट मिळत नाही, त्यामुळे थांबणे आणि वळणे आधीच येत असलेले बरे. टॅक्सीवाल्याशी परतीची वेळ आणि जातायेतचे भाडे निघण्यापूर्वीच ठरवावे, आणि पैसे परत माराकेशला उतरल्यावरच द्यावेत, कारण चारनंतर डोंगराची सावली उतारावर येते, बर्फ काचेसारखा होतो आणि खाली जाऊ पाहणारे सगळे एकाच वेळी गाड्या शोधू लागतात.